पेडल सुटलं आणि गिटार गप्प झाली: सांगलीतल्या एका घरगुती पेडलबोर्डचं प्रकरण

माझा भाचा माधवनगरला राहतो आणि एका ऑर्केस्ट्रात लीड गिटार वाजवतो. चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा, मग लग्नसराई आणि हळदीचे कार्यक्रम. पाऊस लागेपर्यंत आठवड्यातले तीन-चार दिवस त्याचा मुक्काम टेम्पोतच असतो. मी विश्रामबागला साउंडची कामं करतो, केबल-मिक्सर-अँप दुरुस्त करतो, त्यामुळे त्याचं काही बिघडलं की ते माझ्याच टेबलावर येतं.

एप्रिलमध्ये तासगाव तालुक्यातल्या एका यात्रेत दुसऱ्याच गाण्याला, सोलोच्या तोंडावर, त्याच्या गिटारचा आवाज पार बंद झाला. खरखर नाही, अडखळणं नाही, एकदम शांत. त्यानं गिटारची केबल बदलली, दुसरी गिटार लावली, अँपचे खटके वर-खाली केले. चार-पाच मिनिटं कीबोर्डवाल्यानं सांभाळून घेतली. गिटार आणि अँपच्या मध्ये तो पेडल जोडतो, म्हणजे आवाज बदलणाऱ्या, पायानं चालू-बंद करायच्या डब्या, आणि त्या एका फळीवर, म्हणजे पेडलबोर्डवर, बसवलेल्या असतात. शेवटी मोबाईलच्या उजेडात सापडलं ते एवढंच: डिस्टॉर्शनचं पेडल जागेवरून फिरलं होतं आणि त्याचा विजेचा (डीसी) प्लग अर्धा बाहेर आला होता.

दुसऱ्या दिवशी तो बोर्ड घेऊन आला. "मामा, मी अँपच गेलं समजत होतो. एका प्लगानं सगळंच कसं काय बंद पडतं?"

या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पेडल दोन तऱ्हेची असतात. काहींमध्ये पेडल बंद असताना गिटारचा सिग्नल सर्किटला शिवतच नाही, जॅकमधून जॅकमध्ये सरळ निघून जातो. त्याला ट्रू बायपास म्हणतात. बॉस कंपनीची कॉम्पॅक्ट पेडल तशी नाहीत. त्यांच्यात पेडल बंद असलं तरी सिग्नल एका बफरमधून, म्हणजे त्याला जोर देणाऱ्या छोट्या सर्किटमधून, जातो. याचा फायदा मोठा आहे, लांब केबलमध्ये आवाजाची धार मरत नाही. पण बफरला वीज लागते. वीज गेली की तिथून पुढे काहीच जात नाही. सहा पेडल एकामागे एक जोडलेली असली आणि मधल्या एकाचा प्लग निसटला, तर वापरात नसलेलं पेडलसुद्धा अख्खी गिटार गप्प करतं. म्हणजे पेडल फळीवर घट्ट बसवणं हे नीटनेटकेपणासाठी नाही. आवाज चालू राहणं त्याच्यावर अवलंबून आहे.

काय सुटलं होतं

त्याचा बोर्ड म्हणजे किचन ट्रॉलीच्या कामातून उरलेला प्लायचा तुकडा होता. वर चिकटपट्टीचा वेल्क्रो, त्याच्यावर सहा पेडल: वाह, ट्यूनर, ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन, कोरस आणि डिले. वाह डनलॉपचं क्राय बेबी, बाकी पाच बॉसच्या आकाराची.

मी डिस्टॉर्शन उचललं तेव्हा वेल्क्रोच्या दोन्ही बाजू एकमेकींना धरूनच होत्या. ओढून पाहिल्या, चर्र आवाज करत सुटल्या, पकड शाबूत होती. पण पेडलचा तळ आणि काटेरी पट्टीची पाठ यांच्यामध्ये गोंदाच्या तारा ओढल्या जात होत्या, गुळाचा पाक दोन बोटांत धरून बघतात तशा. वेल्क्रो सुटलाच नव्हता. सुटला होता त्याच्या पाठीचा गोंद.

वेल्क्रोची कल्पना स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्त्राल या इंजिनिअरला सुचली ती कुत्र्याच्या केसांत अडकलेल्या काटेरी फळांवरून, आपल्याकडे शेतातून येताना पायजम्याला गोखरू चिकटून येतं तशीच ती फळं. 1950 च्या दशकात त्यानं पेटंट घेतलं. आकडे आणि फासे यांची ती पकड उन्हानं ढिली होत नाही. पाठीचा दाबून चिकटणारा गोंद मात्र उन्हानं मऊ होतो, आणि मऊ गोंद वजनाखाली हळूहळू सरकतो. आपल्याकडे एप्रिलमध्ये सावलीतच पारा चाळिशीला टेकतो. बंद टेम्पोत, ताडपत्रीखाली, स्पीकरच्या पेट्यांमध्ये दुपारभर पडलेल्या बोर्डचं काय होत असेल याचा अंदाज कुणीही करावा.

त्यात बॉसच्या तळाला रबर असतं. पेडल नुसतं जमिनीवर ठेवलं तर घसरू नये म्हणून ते दिलेलं आहे आणि त्या कामाला ते उत्तम आहे. पण अशा रबरावर चिकटपट्टीचा गोंद टिकत नाही. पहिल्या दिवशी धरल्यासारखा वाटतो, महिन्याभरात सोलून निघतो. पुष्कळ जण ते रबरच काढून टाकतात. मला ते आवडत नाही. पोरांची पेडल फिरती असतात, आज घेतलं, वर्षानं विकलं, आणि तळ खरवडलेल्या पेडलला गिऱ्हाईक हात आखडता घेतं.

तिसरी गोष्ट फळीची. प्लाय कोरा होता, पॉलिश नाही, सीलर नाही. मऊ पट्टी उचलली तर तिच्या गोंदाला लाकडाचा भुसा लागून आला. म्हणजे खालूनही पकड नव्हती आणि वरूनही.

बोर्ड

भाच्याचं म्हणणं होतं, "सगळी पेडल स्क्रूनं पक्की ठोकू की." मी नको म्हणालो. कोरस आणि डिले त्याचे कायमचे नाहीत, मित्राशी अदलाबदल चालते, आणि कार्यक्रमात एखादं पेडल गेलं तर अंधारात अर्ध्या मिनिटात ते निघालंही पाहिजे. उलट वाहवर माणूस अख्ख्या पायाचा भार टाकतो, पुढे-मागे रेटतो. ते एकट्या वेल्क्रोवर सोडणं मला पटत नाही. म्हणून सहाही पेडलना एकच इलाज लावायचा नाही असं ठरवलं. ज्याच्यावर पाय जोरात पडतो आणि जे हलवायचं नाही, त्याला लोखंडाची पकड. जे बदलायचं, त्याला वेल्क्रो, पण गोंद जिथे खरंच धरेल अशा जागी.

आधी मापं. बॉसचं कॉम्पॅक्ट पेडल 73 मिलिमीटर रुंद आणि 129 मिलिमीटर लांब. 1977 साली ही पेडल निघाली तेव्हापासून बाहेरचा आकार जवळपास तोच राहिला आहे, आणि घरी बोर्ड करणाऱ्याला याचा फार उपयोग होतो, कारण आज केलेली जागा उद्याच्या पेडललाही बसते. वाह साधारण 10 इंच लांब, 4 इंच रुंद. बॉसचा इनपुट उजवीकडे, आउटपुट डावीकडे, म्हणून रांग उजवीकडून लावली. दोन पेडलच्या मध्ये काटकोनी जॅक बसायला सव्वा ते दीड इंच सोडला. विजेचा प्लग पेडलच्या मागच्या कडेला लागतो, तेव्हा दोन ओळींमध्येही जागा लागते, आणि नवशिके नेमकी तीच धरायला विसरतात.

20 बाय 13 इंचाचा बोर्ड ठरला. मिस्त्री आमच्या गल्लीतलेच. दोन्ही बाजूंना सागवानाच्या उतरत्या पट्ट्या, पुढे 1 इंच आणि मागे अडीच इंच, म्हणजे मागच्या ओळीवर पाय सहज पोचतो. त्यांच्यावर 12 मिलिमीटर प्लायच्या अडीच इंची चार पट्ट्या, मध्ये एकेक इंचाची फट. फटीतून केबल खाली उतरतात, वर गुंता राहत नाही. फटी असल्यानं वजनही कमी झालं. पेडल आणि केबलसकट सगळं मिळून सहा किलोच्या आत आलं, आणि टेम्पोत चढवणाऱ्याला याची किंमत कळते.

सांगली-मिरजेत हे काम करताना मिरजेची आठवण आल्याशिवाय राहत नाही. सतार-तंबोरे करणारी घरं आपल्या शेजारी आहेत, 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या कारखान्यात मी लहानपणापासून पाहिलंय की लाकडाला पॉलिश हे शेवटचं काम म्हणून उरकत नाहीत. घासणं, हात देणं, वाळवणं, पुन्हा घासणं, असे दिवस जातात. मी प्लायच्या पट्ट्यांना सीलरचे दोन हात दिले आणि प्रत्येक हातानंतर बारीक पॉलिश पेपर मारला. नखानं ओढलं तर पांढरी रेघ उठू नये इतका पृष्ठभाग बंद झाल्यावरच मऊ वेल्क्रो लावला. त्याच्या टोकांना स्टेपलर गनच्या पिना मारल्या. गोंद कितीही चांगला असला तरी सोलायला सुरुवात टोकापासूनच होते.

सायकलची साखळी

लोखंडाची पकड म्हणून सायकलच्या साखळीच्या कड्या वापरल्या. ही युक्ती माझी नाही, जगभरचे गिटारवाले वापरतात, पण आपल्याकडे फारशी दिसत नाही. सायकलच्या दुकानात जुन्या साखळ्यांचा ढीग पडलेला असतो. मी एक मागितली तर दुकानदारानं पिना ठोकून काढूनही दिल्या.

साखळी सोडवली की दोन प्रकारच्या पट्ट्या हातात येतात, आणि इथेच चूक होते. आतल्या पट्टीचं भोक मोठं असतं, कारण त्यात बुश बसतो. छोट्या स्क्रूचं डोकं त्यातून ओघळून जातं. बाहेरच्या पट्टीचं भोक पिनेच्या मापाचं, साधारण साडेतीन मिलिमीटरचं असतं. पेडलच्या तळाचा बारीक स्क्रू त्यात नेमका बसतो. तेव्हा बाहेरचीच पट्टी घ्यायची, पुढे कडी म्हणतो ती हीच. डिझेलमध्ये रात्रभर बुडवून, ब्रशनं घासून, कोरडी पुसून. तेल राहिलं तर ते पेडलला आणि वेल्क्रोला लागतं.

पेडलच्या तळाला चार कोपऱ्यांत चार स्क्रू असतात. एक स्क्रू काढायचा, कडीचं एक भोक त्यावर ठेवून तोच स्क्रू परत लावायचा. कडी पेडलच्या कडेबाहेर सात-आठ मिलिमीटर डोकावते. त्या दुसऱ्या भोकातून फळीत स्क्रू. पेडलला नवं भोक नाही, गोंद नाही, रबर जसंच्या तसं. कडी जेमतेम एक मिलिमीटर जाड असल्यानं मूळचा स्क्रू पुरतो. भाचा जरा लांब स्क्रू शोधून घेऊन आला होता, तो मी लावू दिला नाही. लांब स्क्रू आत कुठे टेकेल याचा भरवसा नसतो, आणि सर्किटच्या पाटीला धातू टेकला तर पेडल कायमचं जाऊ शकतं. वाहचे रबरी पाय स्क्रूनंच बसवलेले असतात. ते काढून पिशवीत नाव घालून ठेवले आणि त्यांच्या जागी कड्या आल्या.

बसवायला घेतलं आणि अडलं. पुढच्या ओळीतली ओव्हरड्राइव्ह आणि डिस्टॉर्शन कडेपासून पाऊण इंच आत ठेवली, तर त्यांच्या मागच्या कड्यांची भोकं बरोबर दोन पट्ट्यांमधल्या फटीवर आली. स्क्रू लावायला खाली लाकूडच नाही. मागच्या ओळीतल्या ट्यूनरची पुढची भोकंही तशीच फटीच्या तोंडावर. चूक माझी होती. मी मिस्त्रींना पेडलची मापं दिली होती, कड्यांची दिली नव्हती.

मिस्त्रींनी पट्टी लावून पाहिली. "फळी बराबर हाय सायेब. तुमच्या कड्या एक-दोन सूत भायेर जात्यात. पयलं सांगितलं असतं तर फट सरकवली असती."

पट्ट्या उखडायचा विचार आला होता. मग लक्षात आलं की कडी पुढे-मागेच असली पाहिजे असं कुठे आहे? ती स्क्रूभोवती फिरते. मागच्या दोन्ही कड्या आडव्या वळवल्या, डावी-उजवीकडे. पेडलच्या मध्ये सव्वा इंच जागा होतीच, जॅक वर उंचावर असतो आणि कडी तळाशी, तेव्हा दोघांची गाठ पडत नाही. चारही कड्यांना लाकूड मिळालं. शिवाय दोन कड्या उभ्या आणि दोन आडव्या झाल्यानं पेडल कुठल्याच दिशेला डुलत नाही, चारही उभ्या असत्या तर जरा डुललं असतं असं मला हातानं हलवून जाणवलं.

कोरस आणि डिलेसाठी कुपवाडच्या एका वर्कशॉपमधून 1 मिलिमीटर अ‍ॅल्युमिनिअमचे दोन पत्रे कापून आणले. पेडलच्या तळावर कागद ठेवून पेन्सिलीनं घासून चार स्क्रूंचे ठसे घेतले, त्यावरून भोकं पाडली. मूळच्या स्क्रूनंच पत्रा तळाला बसला. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पत्रा पुसला, पूर्ण वाळू दिला आणि काटेरी वेल्क्रो त्याला लावला. धातूवर गोंद जसा बसतो तसा रबरावर कधीच बसत नाही. लावल्यावर लगेच वापरायचं नाही, निदान एक दिवस वजनाखाली ठेवायचं. आम्ही वर दोन फरशा ठेवल्या. आणि काटेरी बाजू पेडललाच लावायची, फळीला नाही. ती वर तोंड करून राहिली की धूळ, केस, सतरंजीचे धागे सगळे तिच्यात भरतात.

वीज

इथे थोडक्यात सांगतो, पण वगळू नये असं आहे. सहाही पेडल एकाच 9 व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरवर फाट्यांच्या वायरनं चालत होती. करंट कमी पडत नव्हता. ओव्हरड्राइव्ह-डिस्टॉर्शनसारखी अ‍ॅनालॉग पेडल दहा मिलिअँपिअरच्या आसपास घेतात, ट्यूनर तीसच्या आसपास, डिजिटल डिले साठ-सत्तर. सगळी बेरीज दोनशेच्या आत. तरी मागे एक बारीक शिट्टी ऐकू यायची, कारण डिलेच्या डिजिटल सर्किटचा गोंगाट सामाईक वायरीतून डिस्टॉर्शनमध्ये जात होता आणि डिस्टॉर्शन त्याला मोठा करत होतं. डिलेला वेगळा अ‍ॅडॉप्टर दिला, शिट्टी गेली. सगळ्यांना आयसोलेटेड पॉवर सप्लाय, म्हणजे प्रत्येक पेडलला वेगळी वीज देणारा, मिळाला तर उत्तमच, पण त्याचं बजेट या हंगामात नव्हतं.

नवा अ‍ॅडॉप्टर घेताना मल्टिमीटर लावून बघा. या पेडलना आतली पिन निगेटिव्ह लागते. आपल्याकडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत सहज मिळणारे बरेच अ‍ॅडॉप्टर उलटे, आतली पिन पॉझिटिव्ह, असे असतात. लाल टोक आत, काळं टोक बाहेर धरलं आणि आकड्याच्या आधी वजाची खूण आली की तो बरोबर.

230 व्होल्ट मी बोर्डवर येऊ दिलेच नाहीत. यात्रेचं स्टेज म्हणजे ओली माती, जनरेटर आणि अर्थिंगचा भरवसा नाही, अशा जागी अनवाणी पाय ठेवायच्या फळीखाली मेनची वायर नको. दोन्ही अ‍ॅडॉप्टर लांब एक्स्टेन्शन बोर्डवर राहतात, बोर्डपर्यंत फक्त 9 व्होल्टच्या दोन वायरी येतात. त्या मागच्या पट्टीला केबल टायनं बांधल्या, आणि प्रत्येक प्लगच्या आधी दोन इंच ढील सोडून पुन्हा एक टाय. आता कुणाचा पाय वायरीत अडकला तर ओढ टायवर येते, प्लगवर नाही. एप्रिलमध्ये एवढं जरी असतं तरी पेडल फिरूनही आवाज गेला नसता.

तपासणी आणि त्यानंतर

बोर्ड उलटा धरून हलवला, काही पडलं नाही. मग गच्चीवर काळ्या कापडाखाली दुपारी बारा ते चार उन्हात ठेवला आणि तापलेला असतानाच कोरस आणि डिले बाजूला ढकलून पाहिले. जागचे हलले नाहीत. अंधाराची परीक्षा भाच्यानं स्वतः घेतली. खोलीचा दिवा घालवून डिले काढायचं, परत लावायचं, जॅक आणि प्लगसकट. पहिल्यांदा मिनिटभर लागला, चौथ्यांदा पंचवीस सेकंद.

पुढच्या दोन महिन्यांत चौदा कार्यक्रम झाले. आवाज एकदाही गेला नाही. पण तिसऱ्या खेपेनंतर बोर्ड माझ्याकडे आला तेव्हा वाहच्या दोन कड्यांचे स्क्रू बोटानं फिरत होते. लाकडाचा स्क्रू 12 मिलिमीटरच्या प्लायमध्ये फार खोल जात नाही, आणि वाहचा रेटा आणि टेम्पोचे हादरे मिळून त्याचं घर मोठं करतात. तिथे आरपार भोक पाडून 3 मिलिमीटरचे बोल्ट घातले, खालून वॉशर आणि आत नायलॉनची कडी असलेला नट, जो हादऱ्यानं सहसा सैल होत नाही. बाकी तीन पेडलचे स्क्रू घट्ट होते, तरी तेही बदलले. आता असा बोर्ड करायचा झाला तर मी पहिल्यापासून बोल्टच घालीन.

दुसरी तक्रार बोर्डच घसरण्याची. स्टेजवर अंथरलेल्या कापडावर तो वाह दाबला की पुढे जातो. खाली रबरी बुटं होती, ती कापडावर पुरत नाहीत. स्कूटरच्या ट्यूबच्या दोन लांब पट्ट्या पुढच्या आणि मागच्या पट्टीखाली खिळ्यांनी मारल्या. फरक पडला, पण पातळ चकचकीत कापड असलं की अजूनही थोडा सरकतो. तिथे तो पुढच्या कडेला मॉनिटरची पेटी टेकवून ठेवतो.

जूनमध्ये त्यांच्या बेसवाल्याला तसाच बोर्ड हवा झाला, लहान, चार पेडलचा. मी आणि भाचा मिस्त्रींकडे मापं घेऊन गेलो. त्यांनी कागद बघितला, पेडल हातात घेऊन उलटं केलं, तळाच्या स्क्रूवर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "कड्या आनल्या न्हाईत व्हय? त्या घिऊन या. मंग फटी कुटं सोडायच्या ते बगू."

भाच्यानं गाडीला किक मारली आणि सायकलच्या दुकानाकडे गेला.